पेटीवाल्यांच्या मोठ्या मनाबद्दलही कधीतरी लिहा

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी एक लेख आला होता, की संगीताच्या क्षेत्रात हेवेदावे फार, गुरू हातचं राखून शिकवतात, एक कलाकार दुसऱ्याचं तोंड बघत नाही वगैरे. लिहिणाऱ्यांना तसे अनुभव आले असतील, मी नाही म्हणत नाही. पण तो लेख वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण मी रोज ज्या लोकांशी बोलते ते अगदी याच्या उलट आहेत आणि त्यांच्याबद्दल पेपरात एक ओळसुद्धा कधी येत नाही. म्हणून हे पत्र, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

मी चिपळूणला असते. आमच्या महिला भजनी मंडळात पेटी, म्हणजे हार्मोनियम, वाजवते आणि संध्याकाळी घरी आजूबाजूच्या पोरांना शिकवते. मोबाईलमुळे हळूहळू करत पेटीचं वेड असलेल्या बऱ्याच लोकांशी ओळख झाली, एकाने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा, आणि आता आमची अशी एक मंडळीच जमलीये. त्यात बँकेतून रिटायर झालेले काका आहेत, रिक्षा चालवणारे एक दादा आहेत, कीर्तनाला साथ करणारे आहेत, कॉलेजची पोरं आहेत, गोव्याचे, बेळगावचे, बडोद्याचे, इंदूरचे मराठी लोक आहेत आणि पेट्या बनवणारे-दुरुस्त करणारे कारागीरही आहेत. बहुतेकांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलंच नाही. तरी कुणाच्या पेटीला काही झालं की घरातलं माणूस आजारी पडल्यासारखी सगळ्यांची धावपळ सुरू होते.

कोकणात पावसाळ्यात पेटीचं काय होतं हे ज्याच्या घरी पेटी आहे त्यालाच कळणार. लाकूड दमट होऊन फुगतं, पट्ट्या एकमेकींना घासायला लागतात, दाबलेली पट्टी वर यायला मागत नाही आणि सगळ्यात ताप म्हणजे हात न लावता एखादा सूर आपोआप वाजत राहतो. गेल्या गणपतीच्या तोंडावर सावंतवाडीकडच्या एका मुलाच्या पेटीला नेमकं हेच झालं. भाता मारला की एक सूर आपला सुरूच, बंद म्हणून नाही. वाडीत रोज एकेका घरी भजन, दुसरी पेटी नाही आणि त्या दिवसांत दुरुस्ती करणारा मिळणं म्हणजे देव पावल्यासारखंच, कारण सगळ्यांना पेट्या त्याच आठवड्यात दुरुस्त करून हव्या असतात. पोरानं रात्री तो आवाज रेकॉर्ड करून पाठवला. नागपूरचे एक रिटायर्ड मास्तर आहेत, त्यांनी ऐकला आणि लगेच त्याला व्हिडिओ कॉल लावला, मलाही जोडून घेतलं.

मास्तरांनी त्याला काय काय सांगितलं ते लिहिते, कारण कुणाच्या उपयोगी पडेल. आधी म्हणाले, पुढची सगळी बटणं बंद कर, भाता भर आणि हवा धरून ठेवतोय का ते बघ. धरतोय म्हटल्यावर म्हणाले, मग भाता ठणठणीत आहे, काळजी सोड. आता वरचं झाकण काढ आणि जो सूर वाजतोय त्याच्या पट्टीचं मागचं टोक बघ. पट्टीच्या त्या टोकाला खालून मऊ चामडं लावलेलं असतं, ते हवेच्या भोकावर घट्ट बसलं की सूर बंद, आणि आपण पुढून पट्टी दाबली की मागचं टोक उचललं जातं, भोक उघडतं, हवा आतल्या पितळी सुरातून (प्रत्येक सुराची एक बारीक पितळी पात असते, तिलाच आम्ही सूर म्हणतो) जाते आणि तो वाजतो. म्हणजे हात न लावता वाजतोय याचा अर्थ ते चामडं नीट बसत नाहीये, एक तर स्प्रिंग ढिली झालीये, नाहीतर मध्ये काहीतरी आलंय. पोरानं टॉर्च लावून पट्टी अलगद उचलून बघितली तर चामड्याखाली तांदळाची एक कणी अडकलेली! कुठून गेली देव जाणे, पण कणीच. कोरड्या ब्रशनं झाडून टाकली आणि सूर गप्प झाला. मास्तर तेवढ्यावर थांबले नाहीत. बाकीच्या पट्ट्याही त्याच्याकडून झाडून घेतल्या, आतल्या पितळेला बोट लावू नकोस, हाताच्या घामानं ते खराब होतं हे परत परत सांगितलं आणि पेटी ओल्या भिंतीला टेकवून ठेवलेली व्हिडिओत दिसली म्हणून तिची जागासुद्धा बदलायला लावली. रात्र बरीच झाली होती, त्यांच्या घरून झोपा आता म्हणून हाक येत होती ती आम्हाला ऐकू येत होती. ओळख ना पाळख, एका रुपयाचा संबंध नाही, आणि पोराची पेटी नीट वाजल्याशिवाय मास्तर फोन ठेवायला तयार नाहीत.

अशा किती गोष्टी सांगू. एका आजींनी नातवाची पेटी घेऊन शिकायला सुरुवात केली आणि पहिलाच प्रश्न विचारला की गाणाऱ्याची पट्टी सांगताना काळी एक, पांढरी चार असं सगळे म्हणतात ते पेटीवर मोजायचं कुठून. इतका साधा प्रश्न, पण कुणी हसलं नाही. उलट तिघा-चौघांनी आपापल्या पेटीचे फोटो काढून त्यावर आकडे लिहून पाठवले, त्यातल्या एकाने तर आजींना नीट दिसावं म्हणून मोठ्या अक्षरात. न्यू जर्सीतल्या एका ताईंच्या पेटीला हिवाळ्यात घरातल्या हीटरनं हवा कोरडी होऊन चीर गेली तेव्हा इंदूरच्या एका काकांनी रोज सकाळी उठून त्यांच्या वेळेप्रमाणे फोन केले. आमच्याकडे दमटपणाचं दुखणं, त्यांच्याकडे कोरडेपणाचं, पण विचारपूस सारखीच.

ही माणसं अशी का, याचा मी बराच विचार केलाय. मला वाटतं पेटीनं स्वतःच इतकं सोसलंय की तिच्या माणसांत एकमेकांबद्दल माया आली. हे वाद्य मुळात युरोपातलं, पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँनी १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी ते हातानं भाता मारून मांडी घालून वाजवता येईल असं केलं आणि मग ते देवळात, तमाशात, संगीत नाटकात, भजनात, सगळीकडे पोचलं. तरी ते परकं ते परकंच. मींड निघत नाही (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही), श्रुती (सुरांमधले बारीक सूर) नाहीत असं म्हणून १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत! तीस वर्षं! आणि हे कधी, तर गोविंदराव टेंब्यांसारखा माणूस पेटीतून काय काढू शकतो हे सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलेलं असताना. त्या काळात ज्यांनी पेटी सोडली नाही त्यांना कसला मान ना कसला पैसा. बोरीसारख्या गोव्यातल्या गावातून आलेल्या पं. तुळशीदास बोरकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी आपल्याच घरात काहीतरी आल्यासारखे पेढे वाटले ते उगाच नाही.

आणि दुसरं म्हणजे पेटीवाला आयुष्यभर साथ करत असतो. गाणारा कुठे श्वास घेतोय, कुठे अडखळेल, कुठे त्याला सूर भरून द्यायचाय याकडे त्याचा कान लागलेला असतो. ही सवय वाजवणं संपल्यावर जात नसावी असं मला मनापासून वाटतं.

वाद होत नाहीत असं नाही हं. भरपूर होतात. गंधार, म्हणजे सारेगममधला ग, हा आमचा कायमचा वादाचा विषय! आजच्या पेट्या बहुतेक पियानोसारख्या समान अंतराच्या सुरांत लावलेल्या असतात, त्यात शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो, सेंट म्हणजे एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंतच्या (काळ्याही धरून) अंतराचा शंभरावा भाग. ज्यांचा कान तयार आहे त्यांना तो टोचतो. मग कुणी म्हणतं गायकाच्या पट्टीप्रमाणे, म्हणजे तो ज्या सुराला सा धरून गातो त्याप्रमाणे, पेटी लावून घ्या, कुणी ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी केलेल्या २२ श्रुतींच्या पेटीचं उदाहरण देतं, कुणी म्हणतं अहो आम्हाला भजनात दर अभंगाला पट्टी बदलावी लागते, आम्हाला आहे तीच बरी. तावातावानं चालतं. पण कुणी कुणाला तुला काय कळतंय असं म्हटलेलं मी ऐकलं नाही, आणि वाद चालू असतानाच कुणाची पेटी अडली तर वाद तिथंच टाकून सगळे तिकडे वळतात.

एक गोष्ट मला विशेष आवडते ती म्हणजे आमच्यात कारागिराच्या पोटावर पाय येईल असं कुणी वागत नाही. धूळ झाडणं, कणी काढणं इथपर्यंत फोनवर. पण सूर बेसूर झालाय म्हटल्यावर सगळे एका आवाजात सांगतात की घरी हात घालू नका. कारण सूर लावणं म्हणजे पितळेची पात खरवडणं, टोकाकडे खरवडली की सूर चढतो, मुळाकडे खरवडली की उतरतो, आणि जास्त गेलं तर गेलेलं पितळ परत येत नाही. मग ज्याच्या-त्याच्या जवळच्या कारागिराचा नंबर दिला जातो, आणि त्यांनी सांगितलेले पैसे घासाघीस न करता द्या हेही बजावलं जातं. आणि कारागीर तरी कसे, ज्यांनी खरं तर विद्या झाकून ठेवावी तेच सगळ्यात मोकळेपणानं बोलतात. गुजरातेतल्या पालिताण्याला बनणारे सूर कसे ओळखायचे, जुन्या जर्मन सुरांची पेटी हाताशी आली तर तिचे सूर का बदलायचे नाहीत, सेकंडहँड घेताना आत कसरीनं चामडं खाल्लंय का ते कसं बघायचं, हे सगळं मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यातल्या एकांना मी विचारलं होतं की असं सगळं सांगून टाकता, धंद्याचं काय. ते म्हणाले, ताई, पेट्या वाजत राहिल्या तर धंदा राहील ना.

लॉकडाऊनमध्ये कार्यक्रम बंद झाले तेव्हा साथीदारांचे फार हाल झाले. गायकाचं नाव तरी असतं, साथीदाराला कोण विचारणार. तेव्हा आमच्यातल्या नोकरीवाल्यांनी ठरवून त्यांच्याकडे ऑनलाईन शिकायला सुरुवात केली आणि फी आगाऊ दिली. मदत म्हणून पैसे घ्यायला ते तयार झाले नसते, शिकवणीचे घेतले. त्यातल्या काही शिकवण्या आजही चालू आहेत.

आता तुम्हाला दोन विनंत्या. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं तेव्हा तुम्ही त्या कारागिरांवर किती छान पान काढलं होतं, मी ते कापून ठेवलंय. तसंच जिल्ह्याजिल्ह्यातल्या पेटी दुरुस्त करणाऱ्यांवरही काढा, त्यांच्या परवानगीनं त्यांचे पत्ते द्या. गावोगावच्या भजनी मंडळांना याची इतकी गरज आहे की तुम्हाला कल्पना येणार नाही, निदान गणपतीच्या महिनाभर आधी तरी छापा म्हणजे पेट्या वेळेत तयार होतील.

दुसरी विनंती तुमच्या वाचकांना. माळ्यावर, पलंगाखाली आजोबांची पेटी पडून असेल तर ती भंगारात देऊ नका हो. भाता फाटलेला असला, पट्ट्या निघालेल्या असल्या तरी आतले सूर चांगले असू शकतात. कुणाला विकायची नसेल तर जवळच्या शाळेला नाहीतर भजनी मंडळाला द्या. दुरुस्तीचं काय, कुठे न्यायची, किती खर्च येईल हे विचारायला माझा नंबर आणि पत्ता या पत्राच्या मागे लिहिलाय, तो छापू नका पण तुमच्या ऑफिसात ठेवा आणि कुणी चौकशी केली तर खुशाल द्या. मला नाही सांगता आलं तर नागपूरचे मास्तर आहेतच.

आपली नियमित वाचक,
चिपळूण