तिकीट बाणस्तारीचं, उतरायचं पणजीला

बांदोडा, फोंडा

चि. सुदेश,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझ्या कॅनडाला जाण्याचा विषय निघाला की तुझा आवाज चढतो, मग माझाही. म्हणून लिहितो.

आपलं भाट, म्हणजे बागायतीची जमीन, गहाण टाकून नऊ लाख उभे करा, असा तुझा निरोप आईने सांगितला. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताचं जॉब लेटर देणारा कोणी मडगावचा एजंट तुला दोहात भेटला म्हणे. भाटाचं राहू दे, ते तुझंच आहे. पण नोकरी लावून देण्याचे पैसे कामगाराकडून घ्यायला मॅनिटोबाच्या कायद्यातच मनाई आहे. मग पैसे मोजून आलेलं लेटर खरं कसं असेल? आणि खोटा कागद सापडला तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद.

प्रियाने मला दोन रात्री बसून तिथल्या सरकारची माहिती वाचून दाखवली. प्रांत फक्त नाव सुचवतो, पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, देतं ओटावाचं केंद्र सरकार. एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे त्या सरकारच्या गुणांवर चालणाऱ्या निवडीत, प्रांताने सुचवलं की एकदम ६०० गुण वाढतात. त्या ६०० साठीच ही धावपळ, होय ना? प्रांतांमार्फत घ्यायच्या लोकांचं उद्दिष्ट २०२५ साठी आधीच्या वर्षाच्या १,१०,००० वरून ५५,००० वर आणलं होतं. तेव्हापासून एजंट लोक ‘घाई करा’ म्हणत सुटलेत. जागा कमी झाल्या तर कागद जास्तच बारकाईने बघणार, एवढं मलाही कळतं.

दुसरी गोष्ट तुझ्या टोरांटोची. कदंबात, गोव्याच्या सरकारी बसमध्ये, सत्तावीस वर्षं तिकिटं फाडली मी. अलीकडच्या बाणस्तारीचं तिकीट काढून पुढे पणजीला उतरणारे चेहऱ्यावरून ओळखायचो. पीआर झाल्यावर देशात कुठेही राहता येतं, खरं आहे. पण अर्जात ‘मी मॅनिटोबातच राहणार’ असं लिहून देतोस, तेव्हा मनात टोरांटो असेल तर मला ते पटत नाही. मॅनिटोबातल्या विनिपेगची थंडी उणे तीसवर जाते. ती झेपणार नसेल तर आताच सांग.

गावातली कितीतरी मुलं लिस्बनला नोंद करून पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेली. ब्रेक्झिटनंतर, २०२० संपताना, ती वाट मिटली. मी तेव्हा कागद केले नाहीत, हा राग तुझ्या मनात आहे, ठाऊक आहे मला.

आत्याचा संदीप विनिपेगला आहे. मॅनिटोबा नातेवाईक असण्याला वजन देतं. त्याला आधी फोन कर. आयईएल्टीएस जनरल या इंग्रजीच्या परीक्षेची तारीख घे. कंपनीच्या अनुभवपत्रात वेल्डिंगची नेमकी कामं, तास आणि पगार लिहून घे. आणि दोहा सोडण्याआधी तिथला पोलिस दाखला काढ, मागाहून हेलपाटे पडतात.

आयटीआयचं सर्टिफिकेट लोखंडी कपाटात सापडलं. एक कोपरा वाळवीने खाल्लाय, पण शिक्का शाबूत आहे. प्रिया उद्या स्कॅन करून पाठवेल.

तुझा,
बाबा