गाळप हंगामातलं धुकं आणि दुचाकी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी वाढली की कृष्णा-कोयनाकाठी पहाटे धुकं उतरतं, आणि नेमका तेव्हाच उसाचा गाळप हंगाम भरात असतो. अशा वेळी दुचाकी काढायची की नाही, हे 'सावकाश जाऊ' एवढ्यावर सोडून चालत नाही. किती लांबचं दिसतंय ते आधी बघावं.

त्यासाठी रस्त्याकडेचे विजेचे खांब पुरतात. दोन खांबांत बहुधा 40 ते 50 मीटर अंतर असतं. ताशी 60 च्या वेगात अडथळा दिसून ब्रेक दाबेपर्यंतच गाडी सुमारे 25 मीटर पुढे जाते. मग थांबायला कोरड्या डांबरावर आणखी 25, दवानं ओल्या रस्त्यावर 35 मीटर लागतात. म्हणून पुढचा एकच खांब दिसत असेल तर वेग 40 च्या आत हवा. तोही दिसत नसेल तर निघूच नये. सूर्य उगवला म्हणजे धुकं लगेच विरतं असंही नाही. उगवतीनंतर थोडा वेळ ते उलट दाटतं, ओढ्याच्या पुलावर तर जास्तच. हाय बीम लावला की समोर नुसता पांढरा पडदा दिसतो, त्यामुळे दिवा लो बीमवरच ठेवावा आणि हेल्मेटची काच बोटभर उघडी.

शिवारातून उसाची ट्रॉली डांबरीवर चढते तिथे चाकांची माती सांडलेली असते. दुपारी ती निरुपद्रवी धूळ, पहाटे दव पडलं की तिचा निसरडा चिखल. अशा जागी, किंवा पडलेल्या उसाच्या कांड्यावर, गाडी तिरकी घेऊ नये आणि पुढचा ब्रेक दाबू नये. वेग आधीच कमी करून गाडी सरळ काढावी.

सगळ्यात वाईट म्हणजे पंक्चर होऊन रस्त्यातच उभी असलेली ट्रॉली. मागे चार दगड मांडलेले असतात, धुक्यात ते दिसत नाहीत. ट्रॉली निघून गेली तरी दगड तिथेच राहतात.

रिफ्लेक्टर ट्रॉलीच्या सांगाड्याला असतो, पण ऊस भरला की शेंड्यांखाली तो झाकला जातो. कारखान्यांनी रिकामी ट्रॉली वजनकाट्यावरून परत जाताना प्रत्येक ड्रायव्हरकडे रेडियमचं लाल कापड आहे का ते पाहावं. ऊस भरल्यावर ते मोळ्यांच्या टोकांवर, बाहेरून बांधायला लावावं. ज्या ट्रॉलीला ते नसेल तिला कारखान्यावर ऊस उतरवायच्या रांगेत नंबर देऊ नये.

– एक दुचाकीस्वार, कराड