पुसलं म्हणजे गेलं असं नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अणुभट्टीच्या भिंतींमधला किरणोत्सर्ग काढण्यावर पीएचडी केलेल्या मुलीची परवाच्या अंकातली बातमी काल वाचली, रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं म्हणून आज चहाच्या आधी लिहायला बसलोय. त्या मुलीचं मनापासून अभिनंदन, तिच्याबद्दल काही तक्रार नाही, उलट असल्या विषयात पाच-सहा वर्षं घालवणारी पोरं बघितली की बरं वाटतं. तक्रार आहे ती तुमच्या मथळ्याबद्दल. अणुभट्टीच्या भिंतींमधला किरणोत्सर्ग म्हणे आता "नष्ट" होणार. अहो नष्ट होत नाही! सीझियम 137 या किरणोत्सर्गी धातूचं अर्धआयुष्य 30 वर्षं, म्हणजे निम्मं व्हायलाच त्याला तेवढा काळ लागतो. त्यावर जेल लावा, फेस मारा, ॲसिडने धुवा नाहीतर लेझरने खरवडा, ते त्याच्या वेळेनेच कमी होणार. डिकॉन, म्हणजे आमची ही सफाई, म्हणजे भिंतीतलं काढून फडक्यात, पाण्यात, ड्रममध्ये आणायचं, जिथे त्याच्यावर नजर ठेवता येते. काम तेवढंच आहे आणि तेवढंच खूप अवघड आहे.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. माझी अख्खी नोकरी याच कामात गेली, जागेचं नाव लिहीत नाही. नव्वदच्या सुमाराला तळघरातल्या एका पंपरूममध्ये किरणोत्सर्गी पाण्याची गळती झाली, जमिनीवरचा इपॉक्सी रंग काही ठिकाणी उडालेला होता आणि नेमकं तिथेच पाणी साचलं. मी आणि माझे दोन हेल्पर. डबल ग्लोव्ह्ज, मनगटाला टेप, तोंडाला मास्क, घामाने डोळे चुरचुरायचे पण हात लावायची सोय नाही. अंगावरचा किरणांचा डोस वाढू नये म्हणून वीस मिनिटं आत, की बाहेर, मग दुसरी जोडी. तीन दिवस पुसत होतो. हेल्थ फिजिक्सवाल्यांनी, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणाऱ्या खात्याने, स्वाइप घेतले, म्हणजे जमीन कागदाने पुसून तो कागद तपासला, रीडिंग खाली आलं, खोली क्लिअर झाली. मग पावसाळा लागला, तळघराला ओल आली आणि महिन्या-दीड महिन्यात त्याच जागी रीडिंग परत वर! कुठेही नवीन गळती नाही. आम्ही सांगत होतो साहेब, हे आतून येतंय, जमिनीला घाम फुटल्यासारखं. कोणी ऐकलं नाही. काम नीट केलं नाही म्हणून तिघांनाही मेमो मिळाला. एक हेल्पर तर त्या मेमोच्या कागदाकडे बघून रडला होता, त्याचं नुकतंच लग्न झालं होतं आणि त्याला वाटलं आता नोकरी गेली.

नंतर बऱ्याच वर्षांनी एक विद्यार्थिनी आली, पीएचडी करत होती, विषय काँक्रीटमधलं सीझियम काढणं. तिला जुन्या जमिनीचे कोअर, म्हणजे ड्रिलने काढलेले काँक्रीटचे गोल दांडे, हवे होते. मी तिला ती खोली दाखवली. तिने कोअर काढून घेतले, त्यांच्या काही मिलिमीटर जाडीच्या चकत्या केल्या आणि एकेक चकती किरणोत्सर्ग मोजणाऱ्या काउंटरवर लावली. चांगल्या काँक्रीटमध्ये सगळा माल वरच्या थोड्याशा थरात होता, पण जिथे बारीक तडा होता तिथे तो खाली खाली गेलेला. तिने समजावून सांगितलं की सीझियम पाण्यात विरघळतं, पाण्याबरोबर काँक्रीटच्या छिद्रांतून आत जातं, आणि वरचं वाळलं की ओलीबरोबर परत वर येतं. स्ट्राँशियमचं वेगळंच, ते कॅल्शियमच्या जातीचं म्हणून थेट सिमेंटमध्येच जाऊन बसतं. ग्राफ माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "काका, तुम्ही नीटच पुसलं होतं." त्या मेमोला तोवर पंधरा वर्षं होऊन गेली होती. तो हेल्पर वारला होता.

म्हणून तुमचा मथळा मला झोंबला. पुसलं की गेलं, आणि परत आलं तर पुसणाऱ्याची चूक, हाच तो विचार ज्याने आम्हाला मेमो दिला. तुमच्या वार्ताहराने बातमीतल्या मुलीला दोन प्रश्न विचारायला हवे होते. डीएफ (डिकॉन्टॅमिनेशन फॅक्टर) किती आला, म्हणजे आधीचं रीडिंग भागिले नंतरचं? 10 आला तर 90 टक्के निघालं, 100 आला तर 99. आणि दुसरा प्रश्न, तेवढं काढायला कचरा किती झाला? शेवटी आम्ही पंपरूमची ती जमीन ब्रेकर लावून फोडलीच, आणि ड्रम ठेवायला जागा पुरेना. ब्राझीलच्या गोयानियात 1987 साली शंभर ग्रॅमहून कमी सीझियम क्लोराइड भंगारात फुटलं, 4 माणसं गेली आणि सफाई करताना सुमारे साडेतीन हजार घनमीटर कचरा निघाला. या विषयातली खरी कसोटी ही आहे. कमी खरवडून जास्त काढणं, आणि धुतलेलं पाणी पुन्हा डोक्याला ताप होऊ न देणं. स्टीलच्या पाइपांत कोबाल्ट 60 गंजाच्या थरात अडकतं, तो थर सौम्य रसायनाने विरघळवता येतो, रेझिनच्या गाळणीवर पकडता येतो. काँक्रीटला ती सोय नाही. इतकं सगळं त्या मुलीने नक्कीच सांगितलं असणार, तुम्ही ते कापलंत आणि तिच्या गोल्ड मेडलला अर्धा कॉलम दिलात.

आणि हे लांबचं नाही हो. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 पासूनच्या, ट्रॉम्बेची सायरस ही संशोधनाची भट्टी 31 डिसेंबर 2010 ला कायमची बंद झाली. ट्रॉम्बेचाच प्लुटोनियम प्लांट सत्तरच्या दशकात बंद करून आतून साफ केला आणि पुन्हा उभा केला, तेव्हा आत शिरून घासणारी माणसं आपल्यातलीच होती. भट्ट्या मोडीत काढायच्या निधीसाठी विजेच्या युनिटमागे 2 पैसे घेतले जातात. लोकांना कळू दे ते कशाला लागणार आहेत.

कृपा करून दुरुस्ती छापा, आणि "नष्ट" हा शब्द काढा.

आपला,
एक निवृत्त फोरमन, डोंबिवली

ता. क. बातमीत तारापूरचा उल्लेख आणि शेजारी फोटो कमरेत बारीक असलेल्या उंच कूलिंग टॉवरचा. तारापूरला तसले टॉवर नाहीतच, तिथे समुद्राचं पाणी वापरतात. उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या अणुवीज केंद्राला आहेत. आणि त्यातून निघते ती पाण्याची वाफ असते, तुम्ही खाली छापलंय तसा धूर नाही. याच फोटोबद्दल मी आधीही दोनदा पत्र पाठवलंय.