पडवीतल्या प्लगबद्दल

ती. बाबा आणि आई,
सा. न.

नव्या गाडीचे फोटो पाहिले. बाबा, या वयात इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं तुम्ही मनावर घेतलंत याचा मला खरंच अभिमान वाटतो. पण एका फोटोत गाडीपासून पडवीतल्या बोर्डापर्यंत एक्स्टेन्शनची वायर दिसली आणि जीव थाऱ्यावर राहिला नाही. फोनवर निम्मं राहून जातं, म्हणून लिहून पाठवते. वायरमन आला की त्यालाही वाचून दाखवा.

एक्स्टेन्शन आजपासून बंद करा. त्यात चर्चा नको.

तुम्ही म्हणालात, याच प्लगवर गीझर इतकी वर्षं चालला, मग गाडीला काय होतंय? बाबा, गीझर २ किलोवॅटचा, पाणी तापलं की पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. गाडीचा चार्जर ३.३ किलोवॅटचा, म्हणजे १४ अँपिअरच्या आसपास, आणि २४ युनिटची बॅटरी भरायला तो सलग सात-आठ तास ओढत राहतो. एखादा स्क्रू सैल असेल, पिन घट्ट बसत नसेल, तर तेवढीच जागा रात्रभर तापत राहते. शिवाय करंट दीडपट झाला की त्या जागेची उष्णता सव्वादोनपट होते. आणि एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप बंद होणारा बोर्डावरचा स्विच, पडेल या भरवशावर राहू नका. करंट मर्यादेतच असतो, त्यामुळे एमसीबीला काही कळत नाही. सांधा मात्र आतल्या आत जळत जातो.

आई, हे काम तुझं, कारण जळका वास घरात सगळ्यांत आधी तुलाच येतो. चार्जिंग लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगवर हात ठेवून बघ. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर लगेच बटण बंद कर, मग प्लग काढ. सॉकेटच्या भोकांभोवती पिवळट-तपकिरी डाग दिसला तर तो सॉकेट पुन्हा वापरायचा नाही, बदलायचाच.

वायरमनकडून मेन बोर्डापासून पडवीपर्यंत वेगळी लाइन ओढून घ्या. ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, मध्ये कुठेही जोड नाही, आणि त्या लाइनवर दुसरं काही लावायचं नाही. तिला स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. माणसाला झटका बसला तर वीज तोडतो तो आरसीसीबी. त्याचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघत जा.

आता अर्थिंग. मला सगळ्यांत जास्त काळजी याचीच आहे. आपलं घर जुनं, अर्थिंगच्या खड्ड्यातली माती एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडी होते. अर्थिंग नीट नसेल तर चार्जरवर एररचा दिवा लागतो. अशा वेळी काही जण सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल जोडून देतात आणि ‘झालं काम’ म्हणून पैसे घेऊन जातात. दिवा जातो, पण पुढेमागे न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यातच करंट उतरेल. बाबा, असं कुणालाही करू देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. वेळ पडली तर अर्थिंगचा खड्डा नवीन घ्या. खर्च मी करते.

वीजबिलावरचा ‘मंजूर भार’ बघा. तो दोन-तीन किलोवॅट असेल तर महावितरणकडे वाढवून मागावा लागेल. तोवर गीझर, पंप आणि गाडी एका वेळी नको.

पावसाचंही आत्ताच ठरवू. २२ जुलै २०२१ला चिपळूणात पाणी किती झपाट्याने चढलं ते तुम्ही पाहिलंय. भिंतीवरच्या त्या पुराच्या खुणेच्या वरच सॉकेट आणि एमसीबीची पेटी बसवा. वाशिष्ठी वाढतेय असं कळलं की मेन बंद करून प्लग काढा आणि रस्ते मोकळे आहेत तोवर गाडी वरच्या आळीत नेऊन लावा. पाण्यात उभी राहिलेली गाडी कंपनीच्या माणसाने तपासल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही.

लाइन होईपर्यंत हायवेलगतच्या चार्जरवर गाडी भरा. मेन बोर्ड, मीटर आणि बिलाचा फोटो आज संध्याकाळी पाठवा. वायरमन येईल तेव्हा मला व्हिडिओ कॉल लावा, मी त्याच्याशी बोलते.

तुमची,
मनू