तोंडात शब्द न घातल्याबद्दल

मावशी,

तुमचं नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळते आहे. नाहीतरी तुमच्या धंद्यात, कार्टूनला हिंदी आवाज द्यायच्या, नाव लावायची पद्धत कमीच. कार्टून संपलं की पाट्या सरसर निघून जातात, त्यांत मूळ जपानी नाहीतर अमेरिकी मंडळी असतात, आणि हिंदीत ज्याने घसा फोडून घेतला तो तोवर लोकल पकडून घरी पोचलेला असतो. तुम्ही हे सांगत होतात तेव्हा मला राग येत होता आणि तुम्हाला हसू. "नाव नसलं की शिव्याही पोचत नाहीत गो," म्हणालात.

हे पत्र असं चारचौघांत न मांडता घरी आणून देता आलं असतं. पण तुम्ही ते वाचून, घडी घालून, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवून दिलं असतं आणि विषय संपला असता. मला तो इतक्यात संपवायचा नाही. ज्यांनी माझ्या मुलाला, आमच्या बाबूला, गप्प बसवलं त्यांच्याही नजरेस हे पडावं, एवढा खवटपणा माझ्यात आहे.

बाबू बोलताना अडखळतो. प, त, क हे त्याचे खास वैरी. घरातल्या थोरल्यांनी वेखंड उगाळून जिभेला लावलं, मध चाटवला, कुणी देवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. त्यांच्यावर माझा राग नाही, ती माया होती. राग आहे तो शिकलेल्यांवर. सुट्टीत एका क्लासला घातला, व्यक्तिमत्त्व विकासाचा. फी आगाऊ. तिथले सर त्याला सगळ्यांसमोर उभं करून म्हणायचे, "घाबरतोस कशाला? कॉन्फिडन्सने बोल!" पोरगा घाबरत नव्हता हो, शब्द निघत नव्हता. त्या सरांनी तेवढा एकच मंत्र पाठ केला होता.

आणि शाळा. कविता पाठांतराच्या स्पर्धेला बाबूने स्वतःहून नाव दिलं होतं. कविता त्याला तोंडपाठ, न्हाणीघरात एकटा असला की खणखणीत म्हणायचा. बाईंनी नाव काढलं. "प्रत्येकाला वेळ ठरलेला असतो, याच्यामुळे बाकीच्यांचं राहून जाईल." वर त्याला वाईट वाटू नये म्हणून काम दिलं: घंटी वाजवायचं. दुसऱ्या मुलांची वेळ संपली की याने घंटी वाजवायची. बाईंना यात काही चुकलं असं आजही वाटत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

त्यानंतर तो घरातही कमी बोलायला लागला. फोन वाजला की उठून अंगणात जायचा.

तुमच्याकडे आम्ही कसे आलो, कुणी सांगितलं, ते जाऊ दे. चवथीचे, म्हणजे गणपतीचे, दिवस होते. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून नेवऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या, करत होतात, कातणं बाजूला ठेवून बोटांनीच मुरड घालत. बाबूला एवढंच माहीत होतं की लहानपणापासून तो टीव्हीवर ज्या मस्तीखोर पोराचा आवाज ऐकतो, तो या पिकल्या केसांच्या बाईंचा आहे. त्याचा विश्वास बसत नव्हता. शेवटी धीर करून विचारायला गेला, "तुम्ही प... प..." आणि अडला. मान ताणली गेली, डावा डोळा मिटला, पायाचा अंगठा जमिनीत रुतला. शेजारी बसलेल्या तुमच्या वहिनींनी मदत म्हणून पुरवलं, "पोपटाचा?"

तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंही नाहीत. बाबूकडे बघत होतात, जसं बोलणाऱ्या कुणाकडेही बघतात तसं. चेहऱ्यावर कळवळा नाही, "घाई नाही हं बाळा" नाही, हसू नाही. बोटं चालूच होती. एक चिमूट, दुमड, पुढची चिमूट. नेवरीची कड अर्धी झाली, पाऊण झाली, पुरी झाली, ताटात गेली, आणि तेव्हा कुठे वाक्य बाहेर आलं. "पोराचा आवाज कसा काढता?"

"जीभ पुढे आणायची, आवाज नाकाच्या मुळाशी ठेवायचा आणि ओठांवर हसू धरून बोलायचं," तुम्ही म्हणालात. आणि लगेच दहा वर्षांच्या कार्ट्याच्या आवाजात, "आई, भूक लागली, काहीतरी दे ना!" बाबू असा हसला की त्याला ठसका लागला.

झालं ते एवढंच. पुढे तुम्ही पुष्कळ केलंत, पण मला विचाराल तर जे काय घडलं ते त्या एका नेवरीएवढ्या वेळात घडलं. त्याच्या आठवणीत पहिल्यांदाच एका मोठ्या माणसाने त्याचं वाक्य त्याच्याकडेच राहू दिलं होतं.

नंतर मी यावर खूप विचार केला. डबिंग म्हणजे काय ते तुम्हीच समजावलं होतंत. पडद्यावरच्या पात्राचं तोंड उघडतं तेवढ्याच वेळात आपलं वाक्य बसवायचं. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात, म्हणून पात्राचे ओठ जिथे मिटतात तिथे आपल्याकडेही तसाच वर्ण शोधायचा, नाहीतर बघणाऱ्याला खोटं वाटतं. पात्र धावलं की धाप आपली, जेवलं की मचमच आपली. तीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या उघड्या तोंडात शब्द घातलेत, ती तुमची भाकरी होती. आणि माझ्या मुलाच्या तोंडात एकही घातला नाहीत.

शनिवारी तो तुमच्याकडे यायला लागला तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही त्याला आवाज काढायला शिकवाल. शिकवलेतही, हाताच्या पाठीवर ओठ दाबून पापी कशी वाजवायची हे शिकून आल्यावर आमच्या घरात आठवडाभर दुसरं काही ऐकू आलं नाही. पण जास्त करून तुम्ही गोष्टी सांगितल्यात. देवळाच्या उत्सवातल्या नाटकांत लहानपणी रोहिदास आणि लव केल्याची. लग्नानंतर मुंबईला गेल्याची. 1993 साली दूरदर्शनवर मोगली हिंदीत बोलायला लागला आणि शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज मिळाला, तेव्हा डबिंग हेही काम असतं हे लोकांना कळलं, त्याची. तुमची सुरुवात गर्दीतून, म्हणजे बाजारातला कोलाहल, वर्गातला गलका, असल्या क्राउडच्या कामातून. तेव्हा सगळे एकाच माईकभोवती उभे राहायचे आणि एकजण चुकला की सगळ्यांनी पुन्हा. आता जो तो आपल्या बूथमध्ये एकटा, कानाला हेडफोन, आपला ट्रॅक बोलायचा आणि निघायचं. दुसऱ्याचा टेक नीट होईपर्यंत तोंड न वाकडं करता उभं राहायचं, ही सवय तुम्हाला त्या जुन्या माईकने लावली असावी.

मग कार्टूनची चॅनलं आली, 2005 साली डोरेमॉन आला, 2008 साली छोटा भीम, आणि पोरांचे आवाज काढणाऱ्या बायांना दिवस आले. बाबूने विचारलं, पोराचा आवाज पोरानेच का नाही काढायचा? "पोराचा आवाज बारा-तेरा वर्षांचा झाला की फुटतो. कार्टूनमधलं पोर वीस वर्षं चौथीतच असतं." जपानमध्ये डोरेमॉनचा आवाज नोबुयो ओयामा यांनी 1979 पासून 2005 पर्यंत दिला, सलग सव्वीस वर्षं. त्यांचा आवाज लहानपणापासूनच घोगरा. शाळेत पोरं चिडवायची, म्हणून त्या बोलायच्याच बंद झाल्या होत्या. आईने सांगितलं, लपवलास तर आणखी बिघडेल, रोज वापर. ही गोष्ट बाबूने घरी येऊन मला सांगितली, पूर्ण, स्वतःच्या तोंडाने. मी गॅस बंद करून ऐकली.

पण त्याच्या मनात खरी रुतली ती पोर्की पिगची. वॉर्नर ब्रदर्सचा तो अडखळत बोलणारा डुकरोबा 1935 साली पडद्यावर आला तेव्हा त्याचा आवाज जो डॉहर्टी नावाच्या नटाचा होता, आणि तो नट खरोखरच अडखळायचा. त्याला ते आवरायचं नाही, रेकॉर्डिंग लांबायचं, खर्च वाढायचा. 1937 मध्ये त्याला काढून मेल ब्लँक यांना घेतलं. त्यांनी अडखळण्याची हुबेहूब नक्कल केली आणि ती जगभर गाजली.

"म्हणजे खऱ्याला काढलं आणि नक्कल करणाऱ्याला ठेवलं?" बाबू भडकला होता.

"हो. वेळ लागायचा म्हणून."

तुम्ही त्यावर मलमपट्टी केली नाहीत. उलट पुढचं सांगितलंत. त्याच मेल ब्लँक यांना 1961 साली लॉस एंजेलिसमध्ये भयंकर मोटार अपघात झाला, बरेच दिवस ते बेशुद्ध होते. हाक मारून उपयोग होईना, तेव्हा डॉक्टरांनी बग्ज बनीला, ज्या कार्टूनमधल्या सशाचा आवाज ब्लँकच द्यायचे त्याला, हाक मारली, आणि उत्तर आलं ते बग्ज बनीच्या आवाजात. पुढे ते अंगभर प्लास्टरमध्ये पडून असताना रेकॉर्डिंगचं सामान त्यांच्या खाटेपाशी नेलं गेलं. बाबू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे थांबायचं असलं की थ... थांबता येतं त्यांना." मावशी, अकरा वर्षांच्या पोराला जे कळलं ते आमच्या शाळेला अजून कळायचं आहे.

तुम्ही एक आणखी बरं केलंत. कार्टूनचा आवाज काढून बोलताना बाबू जवळजवळ अडखळत नाही, हे लक्षात आल्यावर मी हुरळून गेले होते. तसं तो चवथीच्या आरतीतही अडखळत नाही. घुमट या आमच्या मातीच्या वाद्याच्या ठेक्यावर सगळ्यांबरोबर म्हणताना एक अक्षर चुकत नाही. तुम्ही मात्र त्याला बजावलंत, "हा आवाज कंपनीचा. घरी, शाळेत तुझ्याच आवाजात बोलायचं, अडलास तरी." आणि मला बाजूला घेऊन सांगितलंत, "मी आवाजवाली, डॉक्टर नव्हे. स्पीच थेरपिस्टकडे ने." नेलं. त्यांनी सांगितलं की लहानपणी शंभरातली पाचेक मुलं कधी ना कधी अडखळतात, मोठेपणी शंभरात एखाद्याचं राहतं, मुलग्यांचं जास्त. आणि यात भित्रेपणाचा किंवा आईबापांच्या वळणाचा दोष नसतो. बाबूचं राहीलही कदाचित. राहू दे.

माणसं मी आता यावरूनच जोखते. आमच्या गोव्यातल्या म्हार्दोळच्या बाजारात एक मासळीवाली आहे, जिच्या तोंडाला कुणी लागत नाही. सकाळच्या गर्दीत बाबू तिच्यासमोर "ता... ता..." करत उभा राहिला, मागे चार गिऱ्हाइकं. बाईने कोयता खाली ठेवला, कंबरेवर हात ठेवले आणि त्याचे "तारले" पुरे होईपर्यंत उभी राहिली. मागच्या एकाने चुळबूळ केली तर त्याला असं काही ऐकवलं की ते इथे लिहिता येणार नाही. तिला कुणी क्लासला पाठवलं नव्हतं. आणि ज्यांना पाठवलं होतं, ज्यांच्या भिंतीवर मुलांच्या मानसशास्त्राची प्रमाणपत्रं आहेत, ते घड्याळ बघत होते. शिक्षण आणि सज्जनपणा यांची गाठ पडतेच असं नाही. पडली तर नशीब.

तुमच्याकडे यायच्या बसचं तर तुम्हाला अजून सांगितलंच नाही. सुरुवातीला बाबू एकटा यायचा तेव्हा उशीर का व्हायचा, आठवतं? कंडक्टर विचारायचा, "खंय?", म्हणजे कुठे. याने "फ..." म्हटलं की तो म्हणायचा "फोंडें" आणि तेवढे पैसे घ्यायचा. (तिकीट अर्थातच नाही. खाजगी बस ती.) आणि हा पठ्ठ्या फर्मागुडी डोळ्यांसमोरून जाऊ द्यायचा, फोंड्याला उतरायचा आणि चढ चढून परत तुमच्या दारात. घामाघूम. विचारलं तर म्हणायचा, बस उशिरा आली.

मागच्या शनिवारी मी त्याच बसमध्ये मागे बसले होते, त्याला न सांगता. कंडक्टर आला. "फ..." "फोंडें?" "ना," बाबू म्हणाला. कंडक्टर पुढच्या सीटकडे वळला होता, तो थांबला. बाबूची मान ताणली गेली, डोळा मिटला, सगळं नेहमीसारखं. शेजारचा म्हातारा त्याच्याकडे टक लावून बघायला लागला. बाबूने मुठीतले पैसे सोडले नाहीत. "फ... फ... फर्मागुडी." सुटे पैसे परत मिळाले ते मोजून घेतले आणि खिडकीबाहेर बघत बसला.

यंदा चवथीला तुम्ही आमच्याकडे यायचं आहे, वहिनींना घेऊन. पाठांतर स्पर्धेला बाबूने पुन्हा नाव दिलं आहे. बाईंनी ते घेतलंय, वेळेचं अजून काही बोललेल्या नाहीत. बोलल्या तर मी आहेच.

देव बरें करूं.

तुमची,
बाबूची आई
म्हार्दोळ