सूचना : बामणोली-तापोळा भागातील बोटींची हंगामपूर्व तयारी

सर्व बोटधारक सभासदांसाठी,

पाऊस उघडला आहे. वासोट्याच्या फेऱ्या सुरू होण्याआधी, बोट शिवसागरात (कोयना धरणाच्या जलाशयात) उतरवण्यापूर्वी पुढची कामं उरकावीत.

आउटबोर्ड मशीनचं, म्हणजे बोटीच्या मागे लावलेल्या इंजिनाचं, गिअर ऑइल आधी बघा. खालचा स्क्रू सैल करून थेंबभर काढा. ताकासारखं पांढरं दिसलं तर पाणी शिरलंय. बहुतेक वेळा पंख्यामागे गुंडाळलेला तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) ऑइल सील कापतो, त्यामुळे नुसतं तेल बदलून भागत नाही. पंखा उतरवा, तंगूस काढा, सील नवं बसवा. तेल खालच्या छिद्रातून, वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरा. मग आधी वरचा स्क्रू, नंतर खालचा. वॉशर नवेच वापरा, चार पैसे वाचवू नका.

पावसाळ्याआधीचं पेट्रोल टाकीत ठेवू नका. त्यातलं इथेनॉल ओल ओढतं, पाणी तळाशी बसतं आणि मशीन नेमकं धरणाच्या मध्यावर बंद पडतं. फिल्टरही बदला.

मशीन कोरडं सुरू करू नये. मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (आतलं फिरतं चाक) लगेच जळतो. पिंपात चालवून बघा, मागून पाण्याची धार जोरात आली पाहिजे.

ॲनोड (मशीनऐवजी स्वतः गंजणारे धातूचे तुकडे) मॅग्नेशियमचेच लावा. जस्ताचे खाऱ्या पाण्यासाठी असतात, इथे उपयोग नाही.

बॅटरी चार्ज करून रात्रभर ठेवल्यावर 12.6 व्होल्ट दाखवायला हवी.

लाइफ जॅकेट माणशी एक, लहान मुलांची वेगळी. पट्टे ओढून तपासा, कुजलेले बाद.

आणि तळाचं बूच! हसू नका, विसरलं जातं.