बी.एस्सी. आहे का मिसळ?

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर मी तुमच्या नातीच्या कॉलेजचे विषय सांगत होते, त्यातलं तुम्हाला निम्मं ऐकू आलं आणि उरलेल्या निम्म्याचा राग आला. "ही बी.एस्सी. आहे का मिसळ?" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. आईने फणसाची साटं किती ठेवू विचारलं आणि विषय संपला. म्हणून हे पत्र. कानातलं मशीन काढून निवांत वाचा. आई, तू मोठ्याने वाचून दाखवू नकोस, मध्येच पदरचं घालतेस.

चिऊ इंजिनिअरिंगला जात नाही, हे आता नक्की. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेची परीक्षा दिली होती, तिथे नंबर लागला नाही. दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाली, साधं बी.एस्सी. करते. मी तुमचीच मुलगी, त्यामुळे पहिला प्रश्न मीही तुमचाच विचारला, की पुढे काय? ती काही बोलली नाही. कॅलेंडरचं जुनं पान आणलं आणि त्याच्या पाठीवर आठ चौकोन काढले. चार वर्षं, आठ सत्रं.

तुमच्या आणि माझ्या वेळी एफ.वाय.ला चार विषय, मग कमी करत करत टी.वाय.ला एकच, अशी चाळणी होती. एकदा विषय सुटला की सुटला. आता सगळं क्रेडिटवर मोजतात. वर्गात पंधरा तास बसलं की एक क्रेडिट, प्रॅक्टिकल असेल तर तीस तासांना एक. एका सत्रात वीस-बावीस होतात. आम्ही पाहिलेल्या कॉलेजात पहिल्या वर्षी विज्ञानाचे तीन विषय घ्यायचे आणि दुसऱ्या वर्षाला जाताना त्यातला एक मेजर म्हणजे मुख्य, एक मायनर म्हणजे जोडीचा, असं ठरवायचं. शिवाय एक ओपन इलेक्टिव्ह, तो मात्र शाखेबाहेरचाच लागतो. तुम्हाला मिसळ वाटली ती इथे. चिऊ त्यात अर्थशास्त्र घेणार आहे. पीकविमा कुठल्या आकड्यांवर ठरतो ते तिला बघायचंय.

मलाही आधी ते सगळं भोंगळ वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. मोकळीक दिली की मुलं सोपं तेवढं उचलतात. म्हणून आम्ही दोघी उलट्या टोकाकडून बसलो. काय घ्यायचं ते नंतर, आधी काय सोडलं तर कुठलं दार बंद होतं ते बघू. त्यात एकच उत्तर पुन्हा पुन्हा आलं, गणित. तिच्या मैत्रिणी एफ.वाय.नंतर गणित टाकायचं म्हणतायत. टाकता येतंच, कोणी अडवत नाही, आणि तिथेच फसायला होतं. दोन वर्षांनी एम.एस्सी.ला भौतिकशास्त्र किंवा संख्याशास्त्राकडे वळावंसं वाटलं तर हात रिकामे. तेव्हा भौतिकशास्त्र मेजर, गणित मायनर, ही दोन नावं तिने चौकोनांत पेनाने लिहिली. बाकीची पेन्सिलने. तिसरा विषय संख्याशास्त्र की इलेक्ट्रॉनिक्स, ते अजून चाललंय. मी संख्याशास्त्राच्या बाजूची आहे, पण बोलत नाही. मी बोलले की ती दुसरं घेईल.

मधेच सोडलं तर काय, हे आईने विचारलं होतं. एका वर्षानंतर सर्टिफिकेट मिळतं, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, पण दोन्हीसाठी चार क्रेडिट जादा करावी लागतात. तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. मिळवलेली क्रेडिट सरकारी खात्यात जमा राहतात, बँकेत राहतात तशी, आणि सात वर्षांपर्यंत वापरता येतात. चिऊने मधे सोडावं असं मला मुळीच वाटत नाही, आणि ही बाहेर पडायची दारं कॉलेजवाले ज्या कौतुकाने सांगतात तेही मला पटत नाही. पण हे ऐकताना आत्या आठवली. एस.वाय.ला लग्न झालं आणि दोन वर्षांचं शिक्षण कुठल्याच कागदावर उरलं नाही. आजही फॉर्मवर ती बारावी पास लिहिते.

चौथं वर्ष प्रत्येक कॉलेजात नसतं, ते आधीच विचारून घेतलंय. चौथं वर्ष केलं की एम.एस्सी. एका वर्षात होते, आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर त्या वर्षी संशोधनही करता येतं. नाही जमलं तर तीन वर्षांची पदवी आणि पुढे दोन वर्षं एम.एस्सी. वर्षं तेवढीच, भांडायचं कशाला. फीचं फोनवर बोलू.

आता मुख्य. तिला हवामानाकडे जायचंय. "हे खूळ कुठून आलं?" असं विचारू नका, बाबा. सहा वर्षांची असताना सकाळी साडेआठला तिला अंगणात उभी करून पर्जन्यमापकाची नळी डोळ्यांसमोर धरायला कोणी लावलं? काचेला चिकटून वर चढलेली पाण्याची कड नाही, मधला खोलगट भाग वाच, असं कोणी ओरडून सांगितलं? गेल्या आठवड्यात आम्ही शिवाजीनगरला सिमला ऑफिसवरून जात होतो. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं म्हणून हे नाव, हे ती मला सांगत होती. मी इतकी वर्षं पुण्यात, रिक्षावाल्याला तेच नाव सांगून उतरते, पण कधी विचारलं नव्हतं. पाषाणला उष्णदेशीय हवामानाची संस्था आहे, विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा विभाग आहे. ती दारं गणित-भौतिकीनेच उघडतात, म्हणून ती दोन नावं पेनाने.

दुसऱ्या वर्षी फील्ड प्रोजेक्ट असतो. तिला तुमच्या पावसाच्या वह्या हव्यात, सगळ्या. रोजचा आकडा संगणकात भरून मृगाचा पाऊस खरंच उशिरा सरकलाय का ते बघायचंय. तुम्ही दर वर्षी ओटीवर बसून सांगता, पण ती तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायला तयार नाही. मला वाटतं तुम्हाला हे आवडेल. एका वर्षीची वही वाळवीने खाल्लीय ते मी तिला सांगितलंय. त्या वर्षीची जागा रिकामी ठेवीन म्हणाली, अंदाजाने भरणार नाही.

गणपतीला येतोच आहोत. वह्या माळ्यावर आहेत म्हणून तुम्ही शिडी लावू नका, शेजारच्या मुलाला चढवा. आई, साटं दोन डबे.

तुमची,
ताई